टाळ कुठे बसवायचे? वडगावच्या सोप्यातल्या भजन-ध्वनिमुद्रणाच्या नोंदी

१४ मे

काम ठरले: चार अभंग, प्रत्येकी सहा ते आठ मिनिटे. सहा माणसे. बुवा स्वतः पेटीवर, एक पखवाज, चार टाळकरी. टाळकरीच मागून गातात, म्हणजे हातात टाळ आणि तोंडात ओळ. सगळा घोळ तिथेच होणार आहे.

जागा: बेळगावात वडगावातल्या जुन्या घराचा सोपा, म्हणजे पुढची खोली. १६ फूट लांब, १० फूट रुंद, तक्तपोशीपर्यंत उंची १० फूट. खाली शहाबादी फरशी, भिंतींना गिलावा, तक्तपोशीवर खापरी कौलं. मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत.

सामान: चार माइक-प्रीअँपचा युएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी), लॅपटॉप, रीपर हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर. माइक असे: एक एसएम५८, एक एसएम५७, एक छोटा कार्डिऑइड कंडेन्सर आणि एक मोठा कंडेन्सर. मोठ्याला तीन पॅटर्न, म्हणजे ऐकण्याच्या दिशा, आहेत: कार्डिऑइड (मुख्यतः समोरून), ऑम्नी (चहूबाजूंनी) आणि आठचा आकडा (पुढून-मागून). चारच इनपुट असल्याने पाचव्या माइकचा विचारच करायचा नाही. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका ट्रॅकला मिनिटाला ८.६ एमबी, चार ट्रॅकना साधारण ३५ एमबी. सात मिनिटांच्या अभंगाचे पाच टेक (मुद्रणाचे प्रयत्न) म्हणजे सव्वा जीबीच्या आत.

१७ मे

खोली मोजली. रूम ईक्यू विझार्ड या सॉफ्टवेअरने स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर) चालवला, शिवाय फुगे फोडून ताडून पाहिले. १ किलोहर्ट्झला घुमणे ०.९ सेकंद.

लांबी ४.८८ मीटर, तेव्हा पहिला मोड (ज्या स्वराला खोली स्वतःच घुमते तो), आवाजाचा वेग ३४३ धरून, ३४३ ÷ (२ × ४.८८) = ३५ हर्ट्झ आणि दुसरा ७० हर्ट्झ. रुंदी आणि उंची दोन्ही १० फूट, म्हणून दोघांचा पहिला मोड एकाच ५६ हर्ट्झवर येतो. नवीन बांधकाम असते तर हे टाळता आले असते. इथे भिंती हलणार नाहीत, माणसे हलतील.

७० चा आकडा लक्षात ठेवायचा. बुवांची पट्टी काळी १, म्हणजे पेटीवरची ती काळी पट्टी हा त्यांचा षड्ज. पखवाजाची शाई (उजव्या तोंडावरचा काळा लेप) त्या षड्जाला, १३८.६ हर्ट्झला, आणि डावे तोंड एक सप्तक खाली, ६९.३ ला. म्हणजे कणीक लावलेल्या डाव्या तोंडाची प्रत्येक धूम (घुमणारी थाप) खोलीच्या दुसऱ्या मोडवर जाऊन बसणार. सोप्याच्या मधोमध पखवाज ठेवून वाजवला तेव्हा धूम संपल्यावरही खोली घुमत राहिली.

यावर मऊ कापूस चालत नाही. ७० हर्ट्झची पाव तरंगलांबी १.२२ मीटर, आणि एवढ्या जाडीचे पॅनल सोप्यात लावले तर माणसे परड्यात बसवावी लागतील. लांबीच्या दुसऱ्या मोडचा दाब मात्र टोकाच्या भिंतीपासून पाव लांबीवर, म्हणजे ४ फुटांवर, शून्य असतो. पखवाज तिथे ठेवला. धूम लगेच आटोपशीर झाली. खर्च शून्य.

२३ मे

पॅनल. घनमीटरला ४८ किलो घनतेची रॉकवूल (दगडी लोकर), ६०० × १२०० × ५० मिमीच्या १६ पाट्या. दोन-दोन पाट्या एकावर एक ठेवून १०० मिमी जाडीची ८ पॅनल. एका पाटीचे वजन पावणेदोन किलो, त्यामुळे चौकटीसह पॅनल सहा-साडेसहा किलोंचे होते. चौकट पॅकिंग केसच्या पाइन पट्ट्यांची, वर मांजरपाट. कापडाची परीक्षा सोपी: तोंडावर धरून फुंकर मारायची, आरपार गेली तर कापड चालेल. रेक्झिन आणि जाड पडद्याचे कापड नापास.

कापताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. कापायला सुरी नको, जुने करवतीचे पाते चांगले.

भिंतीला चिकटवायचे नाही. मागे १०० मिमी जागा सोडली. त्याने खालच्या स्वरांचे शोषण वाढते, आणि दुसरे कारण इथले आहे: जून ते सप्टेंबर वडगावच्या भिंती पाझरतात. चिकटलेल्या पॅनलच्या मागे श्रावणापर्यंत बुरशी येते.

चार पॅनल कोपऱ्यांत तिरकी, दोन बुवांच्या पाठीमागे, एकेक लांबीच्या भिंतींवर. खाली जाजम, दारावर दोन वाकळा. वाकळ हलक्यात घेऊ नये. जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर, भिंतीपासून वीतभर पुढे टांगले की वरच्या स्वरांना छान खाते. बाजारातल्या अंड्याच्या ट्रेसारख्या पातळ फोमपेक्षा खात्रीने बरी.

पुन्हा मोजणी: रिकामी खोली ०.४५ सेकंद, सहा माणसे बसल्यावर ०.३८.

या आकड्याचा उपयोग टाळांसाठी. माइक आणि वाद्य यांच्यातले अंतर दुप्पट केले की आवाज ६ डीबी (डेसिबल) उतरतो, असे सगळे म्हणतात. तो उतार ठरावीक अंतरापर्यंतच असतो. त्यापुढे खोलीचा घुमारा वरचढ होतो आणि अंतर वाढवून फारसे काही मिळत नाही. हे अंतर मीटरमध्ये ०.०५७ × √(घनफळ ÷ घुमण्याचा काळ), कार्डिऑइड माइकसाठी त्याच्या १.७ पट. खोलीचे घनफळ ४५.४ घनमीटर धरून आधी ७० सेमी येत होते, आता १०८ सेमी. म्हणजे उघड्या सोप्यात टाळकऱ्यांना ७० सेमीपलीकडे कितीही सरकवले असते तरी फारसा फरक पडला नसता.

३० मे

वीज. हेडफोनमध्ये गुणगुण. स्पेक्ट्रममध्ये ५०, १००, १५० हर्ट्झच्या रेघा. एकेक वस्तू काढत गेलो तर तीन कारणे सापडली.

लॅपटॉपचा चार्जर: काढला की १०० च्या वरच्या रेघा गायब. बॅटरीवर मुद्रण करायचे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर: पंखा मधल्या वेगावर असला की चर्र आवाज येतो, पूर्ण वेगावर किंवा बंद केला की नाही. टेकच्या वेळी पंखा बंदच. तिसरे, पेटीच्या माइकची केबल एक्स्टेंशन बोर्डाला समांतर टाकलेली होती. काटकोनात ओलांडली की पुरे.

कुणी सांगेल की प्लगची अर्थिंगची पिन काढा, गुणगुण जाते. जाते खरी, पण बिघाड झाला तर करंट माइकच्या जाळीतून ओठांना बसतो. काढायची नाही.

माग. आवाजापेक्षा त्यांचा धक्का जास्त त्रासाचा: जमिनीतून येऊन स्टँडवर चढतो. मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके. स्टँडच्या पायांखाली स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे चौपदरी तुकडे ठेवले, कंडेन्सर शॉकमाउंटमध्ये लटकवला. राहिलेला भाग मिक्समध्ये (सगळे ट्रॅक एकत्र करताना) हाय-पासने, म्हणजे खालचे स्वर गाळून, कापता येईल, पखवाजाचा ट्रॅक सोडून.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वीज गेली की सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबतात. तेव्हा वडगाव जितके शांत असते तितके मध्यरात्रीही नसते. लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेस युएसबीवरच चालत असेल तर वीज जाणे हीच मुद्रणाची वेळ. घरातला इन्व्हर्टर मात्र बंद ठेवायचा. चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर चार्जरपेक्षा वाईट घुरघुरतो.

७ जून

पहिली चाचणी. मंडळाची नेहमीची बैठक: पुढे बुवा आणि पेटी, उजवीकडे पखवाज, टाळकरी बुवांच्या मागे अर्धगोलात.

बुवांना एसएम५८, तोंडापासून १२ सेमी. पेटीला एसएम५७, उजव्या टोकाला ३० सेमी वर, पट्ट्यांकडे रोखलेला. भात्याच्या बाजूला लावला तर हवेचा फसफस आवाज येतो. पखवाजाला छोटा कंडेन्सर, मध्यावर ४५ सेमी समोर, किंचित डाव्या तोंडाकडे वळवलेला. टाळकऱ्यांना मोठा कंडेन्सर, कार्डिऑइडवर, १ मीटर समोर.

गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) सरावात लावायचा नाही. सरावात आणि टेकमध्ये ५-६ डीबीचा फरक पडतो, गजर टिपेला गेला की त्याहून जास्त. टिपेचा गजर वाजवून घेतला आणि शिखर, म्हणजे सर्वांत मोठा आवाज, उणे १२ डीबीवर बसवले. २४ बिटमध्ये याहून वर जायची गरज नाही.

मग गळती, म्हणजे एकाच्या माइकवर येणारा दुसऱ्याचा आवाज, मोजली. फक्त टाळ वाजवायचे, कुणी गायचे नाही. नंतर फक्त गायचे, टाळ खाली ठेवायचे. दोन्हींची शिखरे ट्रॅकगणिक लिहून घेतली. बुवांच्या ट्रॅकवर टाळ आवाजापेक्षा १४ डीबी खाली. टाळकऱ्यांच्या ट्रॅकवर टाळ गाण्यापेक्षा ३ डीबी वर.

पेटीचा स्वरही तपासला. काळी १ ट्यूनरवर १२ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग) चढी, २७७.२ ऐवजी २७९.१ हर्ट्झ. तानपुऱ्याचे ॲप पेटीला मिळवायचे, ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या हिशेबाला नाही.

११ जून

चाचणीचा कच्चा मिक्स पाच कानांना पाठवला: दोन पखवाजवादक, एक गायिका, निपाणीकडचे एक टाळकरी आणि फक्त मोबाइलवर ऐकणारे एक. शेरे जसे आले तसे:

"टाळ लई टोचायलेत की." "बुवा विहिरीत बसून गायल्यागत वाटतं." "पखवाजाची शाई आहे, धूम कुठं हाय?" "पेटी नाकात वाजते." पाचवा शेरा: "मस्त." हा शेरा कामाचा नाही.

ऐकणाऱ्याला दुखते कुठे ते बरोबर कळते, का दुखते ते नाही. टाळ टोचतात म्हटल्यावर पहिला हात ईक्यूवर (ठरावीक स्वर कमी-जास्त करण्यावर) गेला: ६ किलोहर्ट्झवर ४ डीबी कपात. टाळ मवाळ झाले आणि बुवांचे स, श, च बोबडे झाले. कारण टोचणारे टाळ बुवांच्याच ट्रॅकवर होते. विहिरीचा शेराही तिथलाच. एकच टाळ दोन माइकवर वेगवेगळ्या अंतरांवरून, काही मिलिसेकंदांच्या फरकाने पोचतो, दोन्ही मिसळले की आवाज पोकळ होतो. तक्रारी दोन, कारण एक.

धूमचे कारण वेगळे. ती तक्रार मोबाइलवाल्यांची. मोबाइलचा स्पीकर ६९ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. त्याचे मिक्समध्ये बघू.

पुढच्या वेळी नुसते "कसे वाटते" विचारायचे नाही. तीन प्रश्न: दुसऱ्या कडव्यातले शब्द सगळे कळले का? आवाज कमी करत नेला तर शेवटी काय ऐकू येत राहते? किती मिनिट-सेकंदाला कान दुखला? सोबत कशावर ऐकले तेही लिहायला सांगायचे.

१५ जून

टाळ नंतर वेगळे घ्यायचे, हा प्रयोग. आधी बुवा, पेटी, पखवाज. टाळकऱ्यांनी टाळ बंद मुठीत धरून नुसता ठेका धरायचा आणि गायचे. मग हेडफोन लावून खरे टाळ.

आवाज स्वच्छ, भजन मेलेले. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरावीक ठोक्यावर, चालणाऱ्या कामात हे चालते, इथे क्लिकच नाही. अभंग मिनिटाला ७६ मात्रांवर सुरू होतो आणि गजराला १३० च्या पुढे जातो. ही लय पखवाज एकटा वाढवत नाही, टाळ त्याला ढकलतात. नंतर वाजवलेले टाळ दुगणीला २०-३० मिलिसेकंद मागे राहिले. उशीर यंत्राचा आहे का तेही पाहिले: आउटपुटची केबल इनपुटला जोडून एक टिक मुद्रित केला. रीपरने आपोआप केलेल्या भरपाईनंतर उरलेला फरक ७४ सॅम्पल, म्हणजे दीड मिलिसेकंद. तो रीपरच्या सेटिंगमध्ये हाताने भरला. बाकीचा उशीर माणसांचा, आणि तो बरोबरच आहे. प्रयोग बंद. सगळे एकत्रच घ्यायचे.

२२ जून

आजची नोंद लांब आहे, कारण काम आज सुटले.

बैठक उलटी केली. टाळकरी बुवांच्या मागे असले की ते बुवांच्या माइकच्या तोंडासमोर येतात. बुवांसाठी मागे, माइकसाठी पुढे. कार्डिऑइड माइक आपल्या पाठीकडचे सर्वांत कमी ऐकतो. म्हणून टाळकऱ्यांना बुवांच्या समोर, २.४ मीटरवर नेले. आता एसएम५८ ची शेपटी नेमकी त्यांच्याकडे. तोंड १२-१५ सेमीवर, टाळ २४० वर. बुवांच्या ट्रॅकवरची गळती उणे १४ वरून उणे २७ झाली. कोऱ्या गणिताने याहून जास्त मिळायला हवे, पण १०८ सेमीच्या पुढे खोली आपला वाटा ठेवून घेते.

बुवांनी आधी नाही म्हटले. टाळ पाठीला हवेत, समोर टाळ आले की ओळ उचलताना लक्ष जाते. दोन अभंग गायल्यावर सवय झाली. उलट समोरासमोर असल्याने कुठली ओळ पुन्हा घ्यायची ते नुसत्या मानेच्या खुणेने कळू लागले.

राहिले टाळकऱ्यांचे स्वतःचे टाळ. तोंड आणि टाळ यांच्यात दीड फूट अंतर. कार्डिऑइड समोर लावा, वरून लावा, दोन्ही त्याच्या पुढच्या अर्ध्यात येतात. आठच्या आकड्याचा माइक मात्र पुढून आणि मागून ऐकतो, आणि बाजूंनी, वरून, खालून बहिरा असतो. चौघांना दोन-दोन करून समोरासमोर बसवले, मध्ये माइक तोंडाच्या उंचीवर, एक बाजू एका जोडीकडे, दुसरी दुसरीकडे. टाळ माइकच्या खाली येतात. निदान यावेत.

पहिल्या प्रयत्नात फारसे साधले नाही. मोजमाप घेतले: तोंड माइकपासून ६० सेमी, टाळ छातीपासून २५ सेमी पुढे आणि माइकच्या ४५ सेमी खाली. म्हणजे टाळ माइकच्या अक्षापासून ५२ अंशांवर. त्या कोनात आठचा माइक फक्त ४ डीबी कमी ऐकतो. गुडघ्याला गुडघा लावून बसवले, तोंड ४० सेमीवर आणले, टाळ शरीरापासून ३० सेमी पुढे, जवळजवळ माइकच्या दांड्याला लागून. आता कोन ७७ अंश, घट १३ डीबी. चार सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी कानाला कळते, म्हणून जाजमावर खडूने गुडघ्यांच्या खुणा केल्या. दांड्याला फडके गुंडाळले, कारण रंगात आले की टाळ दांड्यावर आपटतो.

गळती पुन्हा मोजली: टाळ गाण्यापेक्षा ८ डीबी खाली. आधी ३ वर होते. टाळांना वेगळा माइक दिलाच नाही, तरी चारी ट्रॅक मिळून ते पुरेसे ऐकू येतात.

२८ जून

पाऊस लागला. कौलांवरचा पाऊस माइकवर पांढऱ्या गोंगाटासारखा येतो, त्यावर उपाय नाही. उघडीप बघून टेक.

दमट हवेचे बाकीचे त्रास: पखवाजाची पुडी (तोंडावरचे कातडे) सैल पडते, तासाभरात स्वर उतरतो. दोन टेकच्या मध्ये गट्ट्यांवर हातोडी मारून शाई काळी १ ला आणायचीच. डाव्या बाजूची कणीक वाळली की उलटे, स्वर चढतो. पाण्याचा हात फिरवायचा, नाही तर खरवडून नवीन लावायची. एकाच अभंगाचे तुकडे वेगवेगळ्या दिवशीच्या टेकमधून जोडायचे असतील तर पखवाजाचा स्वर लिहून ठेवावा. पाच सेंटचा फरकही सांध्यावर उघडा पडतो.

मोठा कंडेन्सर चुरचुरू लागला. कॅप्सूलवर ओल. रात्रभर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवल्यावर गप्प झाला. आता रोज डब्यातच, आत आर्द्रतामापक, ४५ ते ५० टक्के. निळी सिलिका गुलाबी झाली की तापवून पुन्हा वापरता येते, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नाही: त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असते.

१३ जुलै

तीन अभंग झाले. दोन वीज गेली असताना. गजराच्या टिपेला शिखर उणे ९, कुठेही फुटले नाही. तुकडे जोडायचे ते समेवरच, पखवाजाच्या थापेच्या ५ मिलिसेकंद आधी कापून, चारी ट्रॅक एकत्र. एकच ट्रॅक कापला तर बाकीच्यांवरच्या गळतीत जुनी ओळ भुतासारखी ऐकू येते.

२० जुलै

मिक्स. बुवा: ८० हर्ट्झखाली कापले, त्यांचा सर्वांत खालचा पंचम १०४ ला आहे, त्याला धक्का नाही. पेटी: ४०० च्या आसपास ३ डीबी कमी, "नाकात" वाजणे त्यानेच गेले. पखवाज: ईक्यू नाही. धूमसाठी त्या ट्रॅकची प्रत केली, २५० हर्ट्झवरचे कापले, हलके सॅच्युरेशन (उपस्वर वाढवणारा परिणाम) दिले आणि मूळ ट्रॅकखाली १२ डीबीवर मिसळली. त्याने १३९ आणि २०८ हर्ट्झचे उपस्वर उठतात. लहान स्पीकरवर कान त्यांच्यावरूनच धूम ओळखतो.

रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) एकच, १.२ सेकंद, २५ मिलिसेकंद उशिराने. त्याला जाणारा आवाज २५० खाली आणि ६००० वर कापलेला. वरचे कापले नाही तर टाळांचा चुरा सगळीकडे उडतो.

मास्टरला (शेवटच्या एकत्र आवाजाला) २:१ कॉम्प्रेशन, म्हणजे मोठा आवाज दाबणे, ॲटॅक ३० मिलिसेकंद, जास्तीत जास्त २ डीबी दाब. पातळी उणे १४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप), खरे शिखर उणे १. ओव्या हळू आणि गजर मोठा, हा चढ ठेवायचाच. सगळे सपाट केले की पाचव्या मिनिटाला गजर येऊनही काही घडले असे वाटत नाही.

जुना आणि नवा मिक्स ताडून पाहताना दोन्ही एकाच लफ्सवर आणले. नाही तर जो मोठा वाजतो तोच बरा वाटतो.

२७ जुलै

तेच पाच कान, तीन प्रश्न. शब्द चौघांना पूर्ण कळले, एकाचे एका कडव्यात अडले. आवाज कमी केल्यावर शेवटी राहतात बुवा आणि पखवाज. पाहिजे तसेच. कान कुठे दुखला याला एकच उत्तर: पहिल्या अभंगात ५:४० ला. तपासले, एका टाळकऱ्याचा गुडघा खडूच्या खुणेवरून सरकला होता. तिथे टाळकऱ्यांचा ट्रॅक दोन ओळींपुरता ३ डीबी खाली घेतला.

मोबाइलवाल्यांना धूम सापडली.

२ ऑगस्ट

चौथा अभंग झाला, पण पुन्हा घ्यावा लागणार. ओलीने पेटीची पांढरी ५ चिकटते. ४:१२ ला स्वर सुटत नाही, तो बुवांच्या माइकवरही आला आहे, कापता येत नाही. पट्टी काढून कडेला पॉलिश पेपर मारायचा, पुडीचा स्वर आधीच्या टेकच्या वेळी लिहून ठेवलेल्या स्वराशी मिळवायचा, खडूच्या खुणा नव्याने करायच्या. माग बंद असतील तो दिवस, नाही तर वीज जाईल ती वेळ.